धारेला पाणी देणारे हात

(शिरूर तालुक्यातील एका रात्रीच्या वर्गापुढे, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी केलेले भाषण)



उद्या खंडेनवमी. उद्या सकाळी तुमच्या घरी काय होईल ते आम्ही आजच सांगतो. घरातला कोयता निघेल. विळा निघेल. खुरपी, कुऱ्हाड, पहार निघेल. सगळी हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडली जातील. त्यांना हळदकुंकू लागेल, झेंडूचे फूल वाहिले जाईल. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला उद्या एक दिवसाची सुट्टी!

ही चाल चांगली आहे. ज्याच्या जिवावर आपण भाकरी खातो, त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, हे बरेच आहे. पण आज आम्ही तुम्हांला एक प्रश्न विचारणार आहोत. हत्याराची पूजा आपण करतो. ते घडवणाऱ्याची आठवण कोण करतो? तुमच्या घरच्या कोयत्याला पाणी कोणी दिले, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल?

हसू नका. गेल्या वर्षापर्यंत आम्हांलाही सांगता येत नव्हते. एका परक्या माणसाने आम्हांला तो प्रश्न विचारला, म्हणून आमचे डोळे उघडले. ती गोष्ट आधी ऐका.

शिरूरला आमच्या आळीत रात्री एक गुरखा गस्त घालतो. काठी आपटतो, शिटी वाजवतो. महिन्याच्या महिन्याला दारोदार येऊन पैसे नेतो. गेल्या खंडेनवमीला आम्ही सहज त्याच्या खोलीवर गेलो. पाहतो तो काय! लहानशा पाटावर एक वाकडी सुरी ठेवलेली. तिला फुले वाहिलेली, पुढे उदबत्ती लावलेली. आम्ही म्हणालो, "अरे, तुमच्याकडेही आज हीच पूजा?" तो म्हणाला, "हो साहेब. आमचा दशैं. नवमीला हत्यार पूजतात."

ती सुरी म्हणजे नेपाळची खुकुरी. त्याने ती आमच्या हाती दिली. पाते हातभर नव्हते, पण वजनदार. पाठ बोटाएवढी जाड, धार पातळ. पाते मध्येच पुढे झुकलेले. त्यामुळे सगळे वजन टोकाकडे जाते आणि घाव आपोआप खोल बसतो. मुठीजवळ पात्याला एक छोटी खाच. म्यानात आणखी दोन लहान सुऱ्या. एकीला कर्द म्हणतात, ती बारीकसारीक कापायला. दुसरीला चकमक, ती बोथट, गारगोटीवर घासून ठिणगी पाडायला आणि धार नीट करायला.

खुकुरीचे नाव लढाईमुळे गाजले. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रज आणि नेपाळ यांच्यात युद्ध झाले. तेव्हा इंग्रजांनी गुरखा शिपायाचे शौर्य पाहिले आणि त्याला आपल्या फौजेत घेतले. १९४७ साली गुरख्यांच्या दहा पलटणी होत्या. त्यांतल्या सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. म्यानातून काढलेली खुकुरी रक्त पाहिल्याशिवाय परत जात नाही, असे लोक सांगतात. आम्ही गुरख्याला ते विचारले. तो हसला. म्हणाला, "साहेब, आमच्या आईने तिने भाजी चिरली, लाकूड तोडले, गवत कापले. रोज कुणाचे रक्त काढणार?" म्हणजे खुकुरी हा त्यांचा कोयताच. घरोघरचे हत्यार.

मग त्याने ती कुठली ते सांगितले. पूर्व नेपाळात भोजपूर म्हणून डोंगराळ जिल्हा आहे. खुकुरीसाठी तो नावाजलेला. तिथला लोहार जुन्या मालमोटारीच्या कमानीचा पाटा घेतो. तो तापवून ठोकतो. पाते तयार झाले की लाल तापवतो आणि किटलीतून पाण्याची बारीक धार नेमकी कडेवरून फिरवतो. कड कडक होते, पाठ चिवट राहते. आपण म्हणतो 'पाणी दिले', ते म्हणतात 'पाइन'. शब्दसुद्धा जवळचाच!

हे सगळे सांगून झाल्यावर गुरख्याने आम्हांला विचारले, "साहेब, तुमच्या घरचा कोयता कोणी केला?"

आम्ही गप्प बसलो. त्याची खुकुरी हजार मैलांवरून आली, तरी ती करणारा त्याला ठाऊक. आमचा कोयता तालुक्यातला, आणि करणारा आम्हांला ठाऊक नाही!

पुढे तो हळूच आणखी एक गोष्ट बोलला. "साहेब, ज्याने ही केली तो कामी जातीचा. आमच्या गावात त्याला घरात घेत नाहीत. खुकुरी देवापुढे आणि करणारा उंबऱ्याबाहेर." नेपाळात १९६३ सालच्या कायद्याने शिवाशिव मोडीत काढली. पण कायदा कागदावर लवकर येतो, मनात उशिरा येतो. हे आपल्यालाही चांगले माहीत आहे. आपण तरी कुठे वेगळे वागलो?

आता आपल्या गावाकडे या. बारा बलुतेदारांत लोहार होता. तो शेतकऱ्याचा फाळ घडवी, कुऱ्हाड शेवटून देई, गाडीच्या चाकाला धाव चढवी. सुगी झाली की खळ्यावर त्याला धान्याचे बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले. बलुतेदारांची सगळी हकिकत त्यात आहे. तुम्हांला नीट वाचता येऊ लागले की ते पुस्तक जरूर वाचा. पुढे रोख पैसा आला. ट्रॅक्टर आला. बैलगाडी गेली, चाकाची धाव गेली. पुष्कळ गावांत लोहाराचा भाता थंड झाला.

दुसरे घिसाडी. कोणी त्यांना गाडीलोहार म्हणतात. सरकारदरबारी त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. आपले पूर्वज राजस्थानकडचे, असे ते सांगतात. रस्त्याच्या कडेला पाल ठोकतात. जमिनीत खड्डा करून भट्टी लावतात. चार दिवस काम असले तर राहतात, नाहीतर पुढच्या गावाला जातात. पुणे-नगर रस्त्याला, न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या वाटेवर, दौंडच्या बाजारात तुम्ही त्यांना पाहिले असेल. नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि बायको उभी राहून घण घालते. बाईमाणूस घण घालते, हे पाहायला आपण घटकाभर थांबतो. मग खुरप्याचे दहा रुपये कमी करायला सांगतो.

आम्हीही तेच केले. ती फजितीची गोष्ट आता सांगतो.

गेल्या पौषात कांद्याच्या खुरपणीसाठी आमच्या बचतगटाच्या बायकांना बारा खुरपी हवी होती. आम्ही शहाणे! एका दुकानातून ऐंशी रुपयांना एक याप्रमाणे बारा खुरपी आणली. चकचकीत, रंगीत मुठीची. आठ दिवसांत सगळ्यांच्या धारा दुमडल्या. बायका म्हणाल्या, "मास्तर, ह्या खुरप्यानं गवात उपटत न्हाई, नुसतं गोंजारतंय." खुरपणीचे काम उक्ते होते. धार गेली की हात भरून येतो, काम मागे पडते आणि मजुरी बुडते. आमच्या शहाणपणाचा दंड त्या बायकांना बसला.

खुरपी पिशवीत भरून आम्ही घिसाड्याच्या पालावर गेलो. म्हणालो, "दादा, यांना पाणी देऊन द्या." त्याने एक खुरपे घेतले. त्याच्या कडेवर कानस फिरवली. म्हणाला, "बघा मास्तर, कानस लोण्यागत शिरती. हे मऊ लोखंड. ह्याला कितीबी पानी पाजा, ते पिनार न्हाई."

लोखंड पाणी पिते म्हणजे काय? ते नीट समजून घ्या. हत्याराच्या पोलादात कोळशाचा फार थोडा अंश असतो. शास्त्रात त्याला कार्बन म्हणतात. मालमोटारीच्या पाट्यात तो शंभर किलोमागे अर्धा किलो किंवा थोडा अधिक असतो. खिडकीच्या गजाच्या मऊ लोखंडात पाव किलो, नाहीतर त्याहून कमी. एवढ्याशा फरकाने सगळा खेळ बदलतो. पाटा लालभडक तापवला आणि एकदम पाण्यात बुडवला, तर तो कडक होतो. मऊ लोखंड तसेच तापवून बुडवा, ते जवळजवळ होते तसेच राहते. ते पाणी पीत नाही म्हणतात ते यामुळे.

त्या घिसाड्याने आमच्यासमोर पाट्याचे खुरपे केले. आम्ही दोन तास तिथेच बसलो. दहा-अकरा वर्षांची मुलगी भट्टीला वारा घालत होती. पूर्वी कातड्याचा भाता असे, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. बाईने घण घातला. पाते पातळ झाले, वळले. मग त्याने ते पुन्हा तापवले आणि फक्त कड पाण्यात धरली. चर्र आवाज झाला. लगेच बाहेर काढून त्याने कडेवर दगड घासला, ती चकचकीत केली आणि टक लावून पाहू लागला.

आम्ही विचारले, "काय पाहता दादा?"

"रंग बघतुया. बोलू नका."

पाठीत उष्णता उरलेली असते. ती हळूहळू कडेकडे येते. तशी कडेवर रंगांची सर चालत येते. आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. नुसत्या पहिल्या पाण्याची कड काचेसारखी असते. ती दगडावर आपटली तर तुकडा उडतो. हे रंग येतात तसा तिचा ठिसूळपणा कमी होतो. पण फार वेळ थांबले तर ती फार मऊ पडते. हवा तो रंग आला की त्याच क्षणी पुन्हा पाण्यात! उशीर झाला की सगळी मेहनत वाया. उन्हात हे रंग नीट दिसत नाहीत, म्हणून घिसाडी पालाच्या सावलीत पाणी देतो.

त्याच्याजवळ उष्णता मोजायचे यंत्र नव्हते. घड्याळही नव्हते. तुम्ही जशी बाराखडी वाचता, तसा तो माणूस ते रंग वाचत होता.

खुरपे झाले. आम्ही ते जमिनीत घातले. गवत मुळासकट वर आले. आम्ही किंमत विचारली. तो म्हणाला, "दीडशे." आणि आम्ही, एवढे सगळे डोळ्यांनी पाहिल्यावरसुद्धा, म्हणालो, "बारा घ्यायची आहेत. प्रत्येकी दहा रुपये कमी करा."

तो काही बोलला नाही. बाई बोलली. तिने घण आमच्यापुढे धरला. "घ्या मास्तर. धा घाव घाला. धा रुपये कमी करते."

घण पाच किलोचा तरी असेल. आम्ही पदर खोचावा तशी बाही सारली आणि उचलला. पहिला घाव ऐरणीवर बसला. दुसरा कसाबसा लोखंडावर पडला. तिसऱ्याला ती मुलगी खुदकन हसली आणि आम्ही घण खाली ठेवला. बाराही खुरप्यांचे पुरे अठराशे रुपये मोजून दिले.

आता हिशेब करा. दुकानाच्या बारा खुरप्यांना नऊशे साठ रुपये गेले आणि ती आठ दिवस टिकली. घिसाड्याची अठराशेंची खुरपी आजही कामात आहेत. उद्या त्यांचीच पूजा व्हायची आहे. मग स्वस्त काय आणि महाग काय?

हा हिशेब फक्त खुरप्याचा नाही. दसरा झाला की बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भीमाकाठी दौंडकडे, घोडकाठी शिरूरकडे येतात. कारखान्यांना आणि गुऱ्हाळांना ऊस तोडून देतात. मुकादम त्यांना आधी उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? 'एक कोयता'. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. माणसाला हत्याराचे नाव पडले! त्यांची मजुरी टनावर. कोयता बोथट झाला की मोळ्या कमी होतात, आणि उचल फिटायची राहते. म्हणून दुपारी भाकरी खाऊन झाली की तो माणूस आधी कोयत्याला कानस लावतो. त्याच्या संसाराचा भार त्या कडेवर आहे. ती कड कोणीतरी पालाच्या सावलीत रंग पाहून केलेली असते.

तर हत्यार घेताना काय पाहावे? त्या घिसाड्यानेच आम्हांला सांगितले. ते तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिले, पाते बोटांत लटकते धरून टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते.

दुसरे, कडेवर कानस हलकेच लावून पाहा. ती लोण्यासारखी शिरली तर धार टिकायची नाही. थोडी घसरली तर पाणी बरे बसले आहे.

तिसरे, डोळ्यासमोर धरून धारेवरून नजर टाका. धार सरळ, एकसारखी हवी.

चौथे, मूठ हलवून पाहा. आज जी किंचित हलते, ती उद्या हातातून निसटते.

आणि घरी आणल्यावर ते हत्यार विस्तवात घालू नका. चुलीतले निखारे कोयत्याने ओढू नका. त्याने दिलेले पाणी उतरते. विजेच्या चाकावर धार लावताना कड निळी पडली, तर तिथेही पाणी उतरले असे समजा. दगडावर पाणी घालून सावकाश घासावे हे उत्तम. काम झाले की पुसून तेलाचा हात लावावा. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करून द्यावी. लेकरांच्या हाताला लागेल असे ठेवू नये.

आता शेवटची गोष्ट. ती आम्हांला सांगायलाच हवी.

पैसे मोजून आम्ही उठलो, तेव्हा घिसाडी म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले. एक कागद वाचून द्या." पेटीतून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याने अर्ज केला होता. त्यावर एका कचेरीचे उत्तर आले होते. कोणत्या, ते नाव आम्ही घेत नाही. कागदावर लिहिले होते, की वास्तव्याचा पुरावा कमी आहे, तो पंधरा दिवसांत आणून द्यावा, नाहीतर अर्ज निकाली निघेल. आम्ही तारीख पाहिली. चार महिने उलटून गेले होते. चार महिने तो कागद पेटीत नीट घडी करून ठेवलेला. त्याला वाटत होते, हाच दाखला आहे!

आम्ही ते त्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लोखंड चुकलं तर पुन्ना तापवता येतं. हे कसं तापवायचं?"

मंडळी, त्या दिवशी आम्हांला आमचीही लाज वाटली. तो आगीचे रंग वाचतो, ते आम्हांला वाचता येत नाहीत. आम्ही कागद वाचतो, तो त्याला वाचता येत नाही. पण आमच्या न वाचण्याने आमचे फक्त एक खुरपे बिघडते. त्याच्या न वाचण्याने त्याच्या लेकीचे शिक्षण अडते. फरक आहे तो इथे.

आम्ही त्याच्याबरोबर गेलो. अर्ज पुन्हा केला. दाखला अजून हाती आलेला नाही. आम्ही हेलपाटे घालतो आहोत आणि घालणार आहोत. पाल हलेपर्यंत दीड महिना तो नवरा-बायको रोज संध्याकाळी आमच्या वर्गाला येत होती. बाराखडी पुरी झाली नाही. पण त्याला आपले नाव लिहिता येऊ लागले. जायच्या आदल्या दिवशी त्याने आम्हांला एक कोयता आणून दिला. पात्यावर छिन्नीने आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरले होते. आम्ही ते वाचून दाखवताच बाई म्हणाली, "आन् माझं? घन काय ह्यांनी घातला व्हय?" त्याने तिथेच बसून तिचेही अक्षर कोरले. थोडे वाकडे आले. पण आले.

तो कोयता आज आम्ही बरोबर आणला आहे. भाषण संपले की तो हातोहात फिरवा. मुठीकडून धरा. ती दोन अक्षरे कोणती, ते प्रत्येकाने वाचून सांगायचे. आजचा धडा तोच.

आणि उद्या तीन गोष्टी करा. पूजेला हत्यारे मांडाल तेव्हा प्रत्येक हत्यार कोणी केले ते घरात विचारा. सांगता आले नाही, तर यंदा शोधून काढा. दुसरे, घिसाड्याच्या पालावर किंवा लोहाराच्या भट्टीवर जाल, तेव्हा घासाघीस करण्याआधी घणाकडे एकदा पाहा. तिसरे, त्याच्याजवळ कागद असेल, तर तो वाचून द्या. तुम्हांला आता वाचता येते. आलेली विद्या विस्तवात टाकू नका, तिचे पाणी उतरू देऊ नका.